मोहोळातील परजीवी : रानमाश्यांचे आजार पसरतात कसे

मधमाश्यांविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की ते मध आणि डंख या दोनच गोष्टींभोवती फिरत राहते. मोहोळ दिसले की एक जण पातेले शोधतो आणि दुसरा टेंभा. मधमाशीलाही आजार असतात, तिच्या अंगावर आणि पोटात राहणारे जीव असतात, आणि एखाद्या भागातील माश्या टिकतील की नाहीशा होतील हे पुष्कळदा या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जीवांवर ठरते, हे मात्र क्वचितच कोणाच्या मनात येते. मांजरीहून पंधरा-वीस किलोमीटरवर, पुणे शहरात, केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ सालापासून काम करीत आहे. तरीही हा विषय पेटीतल्या माश्या पाळणाऱ्यांपुरताच राहिला आहे. पेटीबाहेरच्या, म्हणजे झाडावर, कपारीत, भिंतीत आणि जमिनीत राहणाऱ्या माश्यांच्या आरोग्याचा विचार फारसा होत नाही. या लेखात तोच करावयाचा आहे.

आधी या माश्यांची ओळख करून घेऊ. आपल्या भागात समूहाने राहणाऱ्या माश्या मुख्यतः चार प्रकारच्या. उंच झाडाला, कड्याला, पाण्याच्या टाकीला किंवा इमारतीच्या सज्जाखाली एकच मोठे उघडे पोळे लटकवणारी ती आग्या माशी. झाडाच्या ढोलीत किंवा जुन्या भिंतीच्या पोकळीत अनेक समांतर पोळी बांधणारी ती सातेरी. झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढे पोळे करणारी चिमुकली फुलोरी. आणि भिंतीच्या भोकातून ये-जा करणारी, डंख नसलेली, मुंगीएवढी पोयाची माशी. यांशिवाय एकेकट्या राहणाऱ्या माश्यांचे मोठे जग आहे. वाळक्या लाकडात बोगदा करणारा काळा भुंगा त्यांतलाच. मातीच्या उतारात बीळ करणारी निळ्या पट्ट्यांची माशी आणि गुलाबाच्या पानाचा गोल तुकडा कापून नेणारी पानकापी याही त्यांतल्याच. जगात माश्यांच्या सुमारे वीस हजार जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य अशा एकांतवासी आहेत. मध साठवणाऱ्या जाती अगदी थोड्या.

यांच्यावर जगणाऱ्या जीवांना आपण परजीवी म्हणतो आणि ज्याच्यावर तो जगतो त्याला पोशिंदा. पोशिंदा हा शब्द येथे मोठा बोलका आहे. पोसणाराच मेला तर पोसला जाणाराही उपाशी मरतो. म्हणून दीर्घकाळ एकत्र राहिलेल्या परजीवी आणि पोशिंदा यांच्यात बहुधा एक तडजोड झालेली असते. ही तडजोड का मोडते, हा या विषयाचा गाभा आहे.

निवासी शाळेत राहिलेल्याला संसर्ग म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. एका मुलाला खरूज झाली की पंधरवड्यात खोलीतली निम्मी मुले खाजवू लागतात. खाटा किती जवळ आहेत, पंचे आणि पांघरुणे सामाईक आहेत का, सुट्टीहून परतलेल्या मुलाने बाहेरून काय आणले, मुलांच्या अंगात प्रतिकार करण्याइतके बळ आहे का, यांवर सारे अवलंबून असते. दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह ओस पडते, तेव्हा गाद्यांतली खरजेची कीड दोन-तीन दिवसांत मरते, कारण माणसाच्या अंगाशिवाय तिला त्याहून फार काळ जगता येत नाही. मोहोळातील परजीवींचा हिशेबही बराचसा असाच आहे. फरक इतकाच की मोहोळात औषध लावणारे कोणी नसते; तेथे माशीची वागणूक हेच औषध.

सातेरी माशीचे उदाहरण घेऊ. तिच्या पोळ्यात व्हरोआ नावाची, लालसर तपकिरी रंगाची, खेकड्याच्या आकाराची, दीड मिलिमीटर रुंदीची एक कीड आढळते. कोळ्याच्या आणि गोचिडीच्या गोत्रातली. या गटातील किडीची पहिली शास्त्रीय नोंद १९०४ साली जावा बेटावर, सातेरीच्याच जातीच्या माशीवर झाली. मेणाचे झाकण बसण्याच्या जरा आधी मादी कीड अळीच्या घरात शिरते, आत कोषावर अंडी घालते, आणि तिची पिले त्या कोषावर पोसून मोठी होतात. हे ऐकून सातेरीचे काही खरे नाही असे वाटेल. पण हजारो वर्षे ती या किडीसह सुखेनैव नांदत आली आहे. कामकरी माशीच्या घरात कीड शिरली तर तेथली अळी लवकर मरते आणि इतर माश्या ती उपसून बाहेर टाकतात. किडीची वीण तेथेच खुंटते. कीड वाढते ती नरांच्या घरांत. पण नर वर्षातून काही आठवडेच निपजतात, आणि ज्या नराच्या घरात कीड फार झाली तो इतका दुबळा होतो की त्याला घराचे जाड झाकण फोडता येत नाही. कामकरी माश्याही ते फोडून देत नाहीत. त्या घरात नरासह साऱ्या किडी कायमच्या गाडल्या जातात. शिवाय माश्या स्वतःचे आणि एकमेकींचे अंग साफ करून किडी खाली पाडतात.

फुलोरीचेही तसेच. तिच्या पोळ्यातील किडीचे नाव युव्हरोआ. १९७४ साली भारतातल्या नमुन्यांवरून तिचे वर्णन झाले. तीही मुख्यतः नरांच्या घरांपुरती मर्यादित राहते.

विसाव्या शतकात माणसाने युरोपीय मधमाशीच्या पेट्या आशियात आणून सातेरीच्या शेजारी ठेवल्या, तेव्हा व्हरोआला नवा पोशिंदा सापडला. या माशीला किडीची सवय नव्हती. कामकरी अळ्यांच्या घरांतही कीड बिनधास्त विऊ लागली, आणि नरांच्या हंगामाची मर्यादा संपली. पोशिंदा बदलणारी ही कीड मूळ जातीहून वेगळी असल्याचे २००० साली सिद्ध झाले आणि तिला ‘विनाशक’ अशा अर्थाचे लॅटिन नाव मिळाले. जी कीड एका घरी पाहुणीसारखी राहत होती ती दुसऱ्या घरी दरोडेखोर ठरली. कीड तीच, तिचे तोंड तेच. बदलला तो पोशिंदा.

किडीच्या पाठोपाठ आणखी एक संकट आले. पंख वाकडे करणारा एक विषाणू माश्यांत पूर्वीपासून थोडाफार होता, पण फारसा उपद्रवी नव्हता. व्हरोआ चावताना तो थेट शरीरात टोचू लागली. हवाई बेटांवर २००७ मध्ये ही कीड पोहोचली. त्यानंतर त्या विषाणूचे प्रमाण झपाट्याने वाढले आणि त्याच्या अनेक उपप्रकारांपैकी एकच सर्वत्र माजला. पुढे ब्रिटनमधील अभ्यासात, २०१४ साली, हाच विषाणू आणि नोसिमा हा आतड्यातला परजीवी पाळीव माश्यांप्रमाणे रानातल्या केसाळ भुंगमाश्यांतही सापडला. ज्या भागात पेट्यांत हा विषाणू अधिक, त्या भागात रानातही अधिक. व्हरोआ भुंगमाशीवर जगत नाही. तरी तिने वाढवलेला विषाणू मात्र कुंपण ओलांडून गेला.

आता आग्या माशीकडे येऊ, कारण मांजरीच्या आसमंतात सर्वांत ठळक दिसते ती हीच. हिच्या पोळ्यावर ट्रॉपिलेलॅप्स नावाची कीड असते. ती व्हरोआहून लहान, लांबट आणि चपळ. तिची वीणही व्हरोआहून वेगाने होते. पण तिची एक मोठी अडचण आहे. प्रौढ माशीची कातडी तिच्या तोंडाला भेदत नाही. तिला मऊ अळी किंवा कोषच लागतो. पोळ्यात अळ्या नसतील तर ती काही दिवसांतच उपासमारीने मरते.

आणि आग्या माशी नेमके हेच घडवून आणते. ही भटकी जात आहे. फुलोरा संपला, हवामान बदलले की राणी अंडी घालणे थांबवते, असलेल्या अळ्या मोठ्या होऊन बाहेर पडतात, साठवलेला मध संपवला जातो, आणि एके दिवशी सारे मोहोळ पोळे सोडून उठते. वाटेत ते झाडांवर नुसते घोंगावत विसावते. पोळे नाही, अंडी नाहीत, अळ्या नाहीत. अशा प्रवासात बहुतेक किडींचा निकाल लागतो. मागे राहिलेल्या रिकाम्या पोळ्यात मेणकिडा शिरतो आणि मेण, कात, मेलेल्या अळ्या, सारे खाऊन भुगा करतो. मधपाळ मेणकिड्याला शिव्या देतात आणि पेटीपुरते ते योग्यही आहे. रानात मात्र तो सफाई कामगार आहे. जुन्या पोळ्यातली रोगट घाण पुढच्या हंगामापर्यंत उरू देत नाही. पुढच्या वर्षी मोहोळ परत येते ते त्याच जागी नवे पोळे बांधते. आसाममधील मोहोळांच्या आनुवंशिक तपासणीवरून २००० साली असे दिसून आले की तीच राणी आपल्या परिवारासह त्याच झाडावर परतली होती. वर्षभराचे घर सोडून जाणे हे आपल्याला दैन्याचे लक्षण वाटते. या माशीसाठी ते आरोग्याचे साधन आहे.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. गर्दीने संसर्ग वाढतो म्हणावे, तर एका वडावर किंवा एका टाकीखाली आग्याची दहा-वीस मोहोळे शेजारी शेजारी लटकलेली असतात, ती कशी टिकतात? गर्दी ही खरोखरच मोठी गोष्ट आहे. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाचे टॉमस सीली यांनी अर्नॉट नावाच्या जंगलातील रानटी मोहोळे १९७८ मध्ये मोजली आणि २००२ मध्ये पुन्हा मोजली. मधल्या काळात व्हरोआ तेथे येऊन पोहोचली होती. तरी मोहोळांची संख्या घटलेली नव्हती. ती मोहोळे चौरस किलोमीटरला साधारण एक इतकी विरळ होती. पुढे त्यांनी काही पेट्या जवळजवळ आणि काही दूरदूर ठेवून पाहिल्या. जवळच्या पेट्यांत नर माश्या सर्रास चुकीच्या घरी शिरत आणि किडी सोबत नेत. दूरच्या पेट्या त्या मानाने सुरक्षित राहिल्या. आणखी एक वाट लुटालुटीची. किडीने खंगलेल्या मोहोळाचा मध शेजारची बलवान मोहोळे लुटतात आणि लुटीबरोबर कीडही घरी आणतात.

म्हणजे शंका रास्त आहे. तिचे एक उत्तर असे की आग्याने जागेतील अंतराऐवजी काळातील अंतर राखले आहे. खाटा जवळ असल्या तरी वसतिगृह ठरावीक काळ पूर्ण ओस पडते. हे अंतर मोडले तर गर्दीचा तोटा तेवढा उरेल. शहरातील सततचे पाणी, बागांमधील बारमाही फुले आणि मिठाईच्या दुकानातील गोडवा यांमुळे काही मोहोळे अधिक काळ एका जागी थांबू लागली तर त्यांच्या अंगावरील किडीचे काय होईल, हा पुण्यासारख्या शहरात अभ्यासण्याजोगा प्रश्न आहे असे मला वाटते.

युरोपीय माशीची पेटी हे तर कधीही ओस न पडणारे वसतिगृह. भारतात ती १९६० च्या दशकात उत्तरेकडे यशस्वीपणे रुजली. आज तिच्या पेट्या मोहरी, सूर्यफूल, डाळिंब, कांद्याचे बी अशा पिकांमागे ट्रकमधून शेकडो किलोमीटर फिरतात. शेतकऱ्याला त्याचा लाभ होतो, यात शंका नाही. परंतु पेटीत जवळजवळ बारा महिने अळ्या असतात, त्यामुळे आग्याची कीड तेथे शिरली की तिला उपवास घडत नाही. ती वाढते, ट्रकबरोबर नव्या गावी जाते, आणि लुटालुटीच्या वाटेने पुन्हा रानात उतरण्याची सोय होते. दक्षिण अमेरिकेतील अनुभव याहून कठोर आहे. चिलीमध्ये १९९७-९८ च्या सुमारास पिकांच्या परागीकरणासाठी युरोपातून भुंगमाश्या आणल्या गेल्या. त्या रानात पसरल्या तशी तेथील पिवळीधमक, अवाढव्य देशी भुंगमाशी एकेका प्रदेशातून दिसेनाशी झाली. स्पर्धा हे एक कारण असेल. पण पाहुण्या माश्यांसोबत आलेला सूक्ष्म परजीवी हेही त्यामागचे एक प्रबळ कारण मानले जाते.

आपल्या देशातही सातेरीवर असा घाला येऊन गेला आहे. थायलंडमध्ये १९७६ साली प्रथम लक्षात आलेला, अळीची पाण्याने भरलेली पिशवी करून टाकणारा विषाणू १९७८ मध्ये ईशान्य भारतात दिसला आणि १९९१-९२ च्या सुमारास केरळ, कर्नाटक व तमिळनाडूत त्याने सातेरीच्या पेट्यांचा फडशा पाडला. विषाणूला परजीवी म्हणावे की नाही यावर शास्त्रज्ञ वाद घालोत; पसरण्याच्या वाटा त्याच. माणसाने हलवलेल्या पेट्या, एकाची चौकट दुसऱ्याच्या पेटीत घालणे, भरकटलेल्या माश्या. पुढे ज्या थोड्या वंशांत प्रतिकारशक्ती होती त्यांतून सातेरी सावरली. असे तग धरणारे वंश शोधावयाचे तर रानातली विविध मोहोळे जागी असावी लागतात. सर्व पेट्या एकाच वंशाच्या करून टाकल्या तर हे भांडवल संपते.

मोहोळ उभ्या आयुष्यात दुसऱ्या मोहोळाला शिवले नाही तरी त्यांची भेट एका ठिकाणी होते, ती फुलावर. फूल म्हणजे माश्यांचा सामाईक पाणवठा. आजारी माशी फुलावर विष्ठा टाकते, त्यात नोसिमाचे बीजाणू किंवा इतर परजीवी असतात, आणि मागाहून येणारी निरोगी माशी परागाबरोबर तेही उचलते. फुलावरून असा संसर्ग होतो हे १९९४ साली प्रयोगाने दाखवले गेले. त्यात फुलोऱ्याची रचनाही महत्त्वाची ठरते. कोणता परजीवी फुलाच्या कोणत्या भागावर पडतो आणि तेथे ऊन लागते की सावली, यावर त्याचे आयुष्य ठरते. पाणवठे अनेक असतील तर गर्दी विखुरते. सगळ्या शिवारात एकच काय ते फुललेले झाड उरले, तर पंचक्रोशीतील साऱ्या माश्या त्यावरच तुटून पडतात. फुलांच्या दुष्काळात उपासमार आणि संसर्ग हातात हात घालून येतात, ते यामुळे.

फुलांची विविधता आणखी एका कारणाने हवी. निरनिराळ्या झाडांचे पराग खाणाऱ्या माश्यांची प्रतिकारशक्ती एकाच परागावर जगणाऱ्यांपेक्षा सरस असल्याचे आढळले आहे. काही पराग तर औषधी निघाले: सूर्यफुलाचे पराग खाणाऱ्या भुंगमाश्यांच्या आतड्यातील एक परजीवी लक्षणीय घटतो, असे २०१८ मध्ये अमेरिकेत दिसले. याउलट इमिडाक्लोप्रिडसारख्या, आपल्याकडे कापसापासून द्राक्षापर्यंत सर्रास वापरल्या जाणाऱ्या कीटकनाशकाची अगदी अल्प मात्रा मोहोळाला मिळाली तरी तेथील तरुण माश्यांत नोसिमा अधिक वाढतो. माशी विषाने मरत नाही. विष तिला आजारापुढे उघडी पाडते, आणि मग मृत्यूची नोंद आजाराच्या खात्यावर होते.

एकांतवासी माश्यांचे परजीवी निराळ्या धाटणीचे आहेत. निळ्या पट्ट्यांच्या माशीच्या बिळात, ती परागासाठी बाहेर गेली असता, निळे ठिपके मिरवणारी एक कोकिळ-माशी शिरते आणि आपले अंडे घालून पसार होते. तिची अळी दुसरीने साठवलेले अन्न खाऊन वाढते. पानकापीच्या घरातही अशीच एक परभृत माशी डाव साधते. बिळे विखुरलेली असली तर कोकिळ-माशीला शोधत हिंडावे लागते; मातीचा एकच उतार उरून सारी बिळे तेथे दाटली तर तिचे काम सोपे होते. प्रत्येक पाहुणा मात्र चोर नसतो. आपल्याकडील काही मोठ्या भुंग्यांच्या मादीच्या पोटात एक खास कप्पा असतो आणि त्यात बारीक किडी राहतात. त्या तिला अपाय करताना दिसत नाहीत. उलट घरट्यातील बुरशी खाऊन मदत करीत असाव्यात असा अभ्यासकांचा तर्क आहे. किडींसाठी अंगातच खोली बांधून ठेवणारा हा जीव पाहिला की ‘कीड दिसली, मारा’ या घाईला जरा आवर बसतो.

आता हे सारे मांजरीच्या मातीवर ठेवून पाहावे. मुळा-मुठेच्या काठचे हे शिवार भाजीपाल्याचे आणि उसाचे. ऊस कितीही हिरवागार दिसला तरी माशीच्या लेखी तो जवळजवळ ओसाड. फुलोरा वाऱ्याने पराग उधळतो आणि बहुधा त्याआधीच ऊस तुटतो. भोपळा, दोडका, काकडी, वांगे, कांद्याचे बी यांच्या फुलांवर माश्यांची भिस्त, आणि त्या पिकांची भिस्त माश्यांवर. मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महानगरपालिकेत आले. बांधावरची बाभूळ, करंज, बोर, जांभूळ तुटतात. मातीच्या भिंती पडून काँक्रीटच्या उभ्या राहतात. ओढ्याचे उतार फरशीखाली जातात. बिळे आणि फुले दोन्ही उरलेल्या थोड्या जागांत एकवटतात. आजाराला लागते ती हीच एकवट. मोकळ्या जागा नाहीशा झाल्याचे आपल्याला दिसते. त्यांच्याबरोबर माश्यांमधील अंतरही नाहीसे होते, ते दिसत नाही.

शाळेसारख्या दहा-बारा इमारतींच्या आवारात काय करता येईल, याचा विचार व्यवहारी असावा. शयनगृहाच्या खिडकीशी किंवा जिन्यात आग्याचे मोहोळ बसले तर मुलांच्या जिवाला धोका आहे. ते राहू द्या असे मी म्हणणार नाही. प्रशिक्षित माणूस बोलावून ते हलवावे. पण पाण्याच्या टाकीखाली किंवा उंच झाडावर असेल तर खालची वाट काही महिने दोरी बांधून बंद करावी, रात्री त्या बाजूचा प्रखर दिवा मालवावा, कारण ही माशी रात्रीही उजेडाकडे झेपावते, आणि दगड मारणारा हात वेळीच धरावा. हंगाम संपला की मोहोळ आपण होऊन जाते. जाळलेले किंवा विष फवारलेले मोहोळ मात्र परत यावयास उरत नाही. अर्धवट मेलेले असेल तर त्याचा विषारी मध इतर माश्या लुटून नेतात. आवारात वर्षभर आळीपाळीने फुलणारी देशी झाडे, एखादा न फरशी केलेला मातीचा उतार, कोपऱ्यात पडू दिलेला वाळका ओंडका, आणि माश्यांना पाणी पिता येईल असे खडे घातलेले उथळ भांडे, हे रोज बदलण्याच्या अटीवर, एवढ्याने बरेच साधते. हौसेने पेट्या आणावयाच्या असतील तर सातेरीच्या, थोड्या, अंतर राखून, आणि बाहेरगावची जुनी चौकट न स्वीकारता.

विज्ञानाच्या वहीत एक पान यासाठी राखून ठेवता येईल. आग्या कोणत्या तारखेला आली, कोठे बसली, पोळ्याचा विस्तार साधारण किती, कोणत्या तारखेला उठली, आणि त्या आठवड्यात आवारात व शिवारात काय फुलले होते. दुर्बीण असल्यास उत्तम, नसल्यास पन्नास पावलांवरून डोळ्यांनीही हे टिपता येते. नववीच्या तुकडीने सुरू केलेली ही नोंद पुढच्या वर्षीच्या नववीकडे सोपवावी. पाच-सहा पावसाळे उलटल्यावर मोहोळ आवारात राहण्याचा काळ लांबतो आहे की आखडतो आहे, हे त्या पानांवरून दिसू लागेल.